घाट उतरल्यावर ब्रेक मऊ लागतो

प्रश्न : छोट्या ट्रकमधून नाशिकहून भायखळ्याला भाजी आणतो. हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारा ब्रेक आहे. कसारा घाट उतरला की पेडल मऊ पडतं, दोनदा पंप केलं की वर येतं. ब्रेक ऑइल भरून चालवू का?

उत्तर : नका चालवू, दादा. वडाळ्याला मी अशा बऱ्याच गाड्या खोलल्यात. फक्त घाटानंतर मऊ, म्हणजे माझा पहिला संशय जुन्या ऑइलवर. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि आपल्या मुंबईत उघडा डबा ठेवणं म्हणजे विचारूच नका. डॉट ३ या प्रकारचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ही मर्यादा १४०पर्यंत उतरते. चाकांतले ब्रेकचे ड्रम तापले की ऑइलमध्ये वाफ होते, पाय वाफच दाबत राहतो.

तरी गाडी थंड असताना, चाकांना दगड लावून, इंजिन चालू ठेवून पेडल एकसारखं दाबून धरा. हळूहळू खाली गेलं आणि बाहेर कुठेच ओल नाही, तर मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या सिलिंडरचं, रबर गेलंय. चाकाच्या आतून ओल असेल तर व्हील सिलिंडर, म्हणजे चाकातला लायनर ढकलणारा सिलिंडर, गळतोय. थंड गाडीतही पंपाने पेडल वर येऊन कडक होत असेल, तर लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणारे पट्टे) ड्रमपासून लांब आहेत, अ‍ॅडजस्ट करा. काही झालं तरी जुनं ऑइल काढून सीलबंद डब्यातलं नवं भरा आणि चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढा. तोवर घाट नको.