सशाला कोलेस्टेरॉल खाऊ घातलं तर रक्तात काय बदलतं? उंदराला तसं का होत नाही?

धुळ्याला एम.एस्सी. करताना अशा सशाचं रक्त सेंट्रिफ्यूजमधून काढलं, तर एरवी नितळ असणारं सीरम (पेशी खाली बसल्यावर वर उरणारा द्रव) चक्क ताकासारखं पांढरं! तो पांढरेपणा मुख्यतः बीटा-व्हीएलडीएल या रक्तातून चरबी वाहणाऱ्या कणांचा. कोलेस्टेरॉलने लदलेले हे कण यकृताला उचलून संपत नाहीत, कारण यकृताच्या पेशींवरचे त्यांना धरणारे रिसेप्टरच कमी होतात. एकूण कोलेस्टेरॉल काही आठवड्यांत 50 mg/dL च्या आसपासहून 1000 च्या वर जाऊ शकतं. मग कण महाधमनीच्या भिंतीत शिरतात, तिथल्या पेशी ते गिळून फेसाळ होतात आणि पिवळट चट्टे उठतात. रशियन शास्त्रज्ञ अनिच्कोव्ह यांनी हे 1913 मध्येच दाखवलं होतं. उंदराच्या रक्तात मुळातच एचडीएल, म्हणजे कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेणारे कण, जास्त; शिवाय एचडीएलमधलं कोलेस्टेरॉल इतर कणांकडे नेणारं सीईटीपी प्रथिन त्याच्याकडे नसतं. म्हणून साध्या उंदराच्या धमन्या सहसा साफच राहतात.