टीव्हीचं नंतर बघू, आधी कार्डाचं बिल काढा

प्रश्न : वय ३१, पगार हातात ६२,०००. घरी मी आणि आई. आम्ही सहा-सात मित्र यूएफसीचे (पिंजऱ्यातल्या मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या लढती) वेडे आहोत आणि मोठी फाइट असली की रविवारी सकाळी सगळे माझ्याकडे जमतात. आता ७५ इंची टीव्ही आणि साउंडबार घ्यायचा आहे, मिळून दीड लाख. ५०,००० बाजूला ठेवलेत. ते डाउन पेमेंट म्हणून भरून एक लाखाचा ईएमआय घेऊ, की पूर्ण दीड लाखाचा १८ महिन्यांचा नो कॉस्ट ईएमआय घेऊन ५०,००० हाताशी ठेवू? सहा मित्र दर फाइटला प्रत्येकी ३०० द्यायला तयार आहेत, बराचसा हप्ता त्यातच सुटेल. ईएमआय ज्या क्रेडिट कार्डावर घेणार, त्याच कार्डावर सध्या ९०,००० बाकी आहेत (विमा पॉलिसीचा दुसरा हप्ता त्यावर भरला होता), पण मिनिमम ड्यू (महिन्याला किमान भरायची रक्कम) कधी चुकवलेला नाही, सिबिल ७६० आहे.

उत्तर : दोन्हीपैकी एकही करू नका. कारण तुमच्या कंसात आहे, त्यावर येतोच. आधी विचारलेलं उरकून टाकू.

नो कॉस्ट ईएमआयमध्ये बँक व्याज लावतेच. तेवढी रक्कम दुकानदार किमतीत सूट म्हणून दाखवतो, इतकंच. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्या खिशातून जाते. दीड लाखावर हे तीन-चार हजार धरा. शिवाय रोख देणाऱ्याला घासाघीस करून जी सूट मिळते, ती तुम्हाला मिळणार नाही. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं.

आता मित्रांचे ३००. यूएफसीचे नंबरवाले मोठे कार्यक्रम वर्षाला बारा-तेरा होतात. सहा जण गुणिले ३००, म्हणजे प्रत्येक वेळी १,८००. दीड वर्षात फार तर ३५,०००. टीव्ही दीड लाखाचा. म्हणजे सगळे सगळ्या वेळी आले, तरी हप्त्याचा पाव हिस्साही सुटत नाही. आणि सगळे येत नाहीत. अमेरिकेतल्या कार्यक्रमाचं मेन कार्ड, म्हणजे मुख्य लढती, आपल्याकडे रविवारी सकाळी लवकर सुरू होतात. शनिवारी रात्री 'येतोच' म्हणणाऱ्यांपैकी निम्मे त्या वेळी पांघरुणात असतात. फाइट होईलच याचीही खात्री नाही. खबीब नुरमागोमेदोव्ह आणि टोनी फर्ग्युसन यांची लढत पाच वेळा ठरली आणि पाचही वेळा बारगळली. झाली तरी मॅकग्रेगरने २०१५ मध्ये जोसे आल्डोला १३ सेकंदांत झोपवलं होतं. तशा सकाळी ३०० मागून बघा! मित्रांनी चहापाण्याला वर्गणी काढणं ठीक आहे. पण घरगुती वापराच्या सबस्क्रिप्शनवर पैसे घेऊन फाइट दाखवणं नियमात बसत नाही, तेव्हा 'ग्रुप वाढवला तर' हा विचार डोक्यात असेल तर तोही काढून टाका.

आता कंस.

९०,००० बाकी. साधारण साडेतीन टक्के महिना व्याज, म्हणजे ३,१५०. त्यावर जीएसटी धरून ३,७००. तुमचा मिनिमम ड्यू पाच टक्क्यांनी ४,५००. म्हणजे तुम्ही दर महिन्याला इमानेइतबारे ४,५०० भरता, त्यातले ३,७०० हवेत जातात आणि मुद्दल ८०० रुपयांनी हलतं. वर्षाला ४४,००० व्याज. तीन-साडेतीन वर्षांत एक टीव्ही तुम्ही बँकेला फुकट देताय आणि मला मात्र प्रोसेसिंग फीचं विचारताय. सिबिल चांगला आहे, कारण मिनिमम भरलं की थकबाकीदार म्हणून नोंद होत नाही. त्या ७६० वर खूश होऊ नका, तो आकडा बँकेच्या सोयीचा आहे. आणखी एक : बिल पूर्ण भरलं नाही की नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. किराणा, पेट्रोल, सगळ्यावर पहिल्या दिवसापासून मीटर चालू. अशा कार्डावर आणखी ८,३०० चा हप्ता टाकायचा म्हणताय.

हे ओझं आलं कुठून? बरंचसं पॉलिसीतून. मी मागितल्यावर तुम्ही तिच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवलात. वर्षाला ६०,०००, दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी १२ लाख. बँकेतल्या माणसाचा व्हॉट्सॲप मेसेजही पाठवलात : 'सर, एफडीच समजा, पैसे डबल, टॅक्स पण वाचतो.' डबल कधी, तर पैसे सरासरी पंधरा-सोळा वर्षं अडकल्यावर. परतावा निघतो साडेचार टक्क्यांच्या आसपास. साधी एफडी याहून बरी. टॅक्सचं म्हणाल तर तुम्ही नव्या करप्रणालीत आहात. तिथे विम्याच्या हप्त्यावर वजावट नाही आणि तुमच्या पगारावर कर मुळातच शून्य. वाचवायला आहे काय? विमा म्हणून बघावं तर कव्हर सहा लाख. तुम्हाला काही झालं तर आईचं घर त्यावर वर्षभर चालेल. एक कोटीचा साधा टर्म प्लॅन (निव्वळ विमा, मुदतीनंतर पैसे परत नाहीत) तुमच्या वयाला वर्षाला बारा-पंधरा हजारांत मिळतो. तो विकण्यात कमिशन कमी, म्हणून त्याचा मेसेज कोणी पाठवत नाही.

थोडक्यात, साडेचार टक्के मिळवण्यासाठी तुम्ही वर्षाला जवळजवळ पन्नास टक्के दराचं कर्ज काढलंय. असला व्यवहार सावकारानेही कधी सुचवला नसता.

तेव्हा बाजूला ठेवलेले ५०,००० आजच कार्डावर भरा. उरले ४०,०००. ईएमआयला ८,३०० परवडतात असं तुम्हीच म्हणताय, त्यात सध्याचे ४,५०० मिळवा. महिना १२,८०० टाकले तर चार महिन्यांत कार्ड कोरं. तोवर ते पाकिटात नको, कपाटात. तिसरा हप्ता तीन महिन्यांवर आलाय, तो भरायचा नाही. कार्ड फिटलं की टर्म प्लॅन घ्या आणि मग महिना सोळा-सतरा हजार साठवा (हेच १२,८०० आणि पॉलिसीचे वाचलेले महिना ५,०००, त्यातून टर्म प्लॅनचा खर्च वजा). आजपासून वर्ष-सव्वा वर्षात दीड लाख रोख हातात असतील. मोठे टीव्ही तोवर बहुधा स्वस्तच झालेले असतील. आईचा आरोग्य विमा आहे की नाही, हे पत्रात कुठे नाही. नसेल तर टीव्ही आणखी पुढे.

जाता जाता तुम्ही लिहिलंय की एक मित्र ॲपवर फाइटवर पैसे लावून 'पहिला हप्ता काढून देतो' म्हणतो. २०१५ मध्ये मेलबर्नला रोंडा राउझी तोवर एकही लढत हरलेली नव्हती. हॉली होमने तिला दुसऱ्या राउंडमध्ये आडवं केलं. शिवाय पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा २०२५ मध्ये झालाय. मित्राला जमायला बोलवा, पण हिशेबात धरू नका.

पॉलिसी सरेंडर करण्याची, म्हणजे मुदतीआधी मोडण्याची, मात्र घाई नको. भरलेल्या १,२०,००० पैकी निम्म्याच्या थोडंफार वर हाती आलं तरी पुष्कळ. आधी विमा कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल करा : एफडी सांगून पॉलिसी विकली, पूर्ण पैसे परत हवेत. सोबत त्या मेसेजचा स्क्रीनशॉट, तारखेसकट. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर विमा लोकपालाकडे जा, तिथे फी लागत नाही. विमा नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. तिथेही काही झालं नाही, तर सरेंडर. मिळतील ते पैसे अडीअडचणीसाठी वेगळ्या खात्यात टाका. कंपनीकडून सरेंडर व्हॅल्यूचा आकडा लेखी मागवा, शाखेतल्या माणसाच्या तोंडी आकड्यावर विसंबू नका. त्याचा फोन येईल, 'सर, नुकसान होईल, अजून एकच हप्ता भरा' म्हणेल. तेही व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायला सांगा.