आईंना गुहागरला नेताय? पाय निघण्याआधी, मासे तिथं

ताई, तुमचा प्रश्न असा: आईंना चौदा वर्षं शुगर आहे, पायांना मुंग्या येतात, टाचा भेगाळल्यात, एका तळव्याला कुरूप आहे. डिसेंबरात कराडहून तीन दिवस गुहागरला जायचंय. रिसॉर्टवर पेडिक्युअर होतं म्हणतात, तर तिथंच पाय करून घ्यावेत का, आणि आईंना आवडतात तसे ताजे मासे कुठं मिळतील?

मी साताऱ्याचा. दर हिवाळ्यात कुंभार्ली घाट उतरून तिकडं जातो. पायांचं आधी सांगतो: रिसॉर्टवर आईंच्या पायाला कुणाचाही हात लावू देऊ नका.

आमच्या तात्यांचं असंच झालं. एका किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये एका मुलानं ब्लेडनं त्यांचं कुरूप तासलं. तात्यांना काही दुखलंच नाही, म्हणून आम्हीही निर्धास्त. दोन दिवस ते ओल्या वाळूत फिरले. साताऱ्याला आल्यावर मोज्याला डाग दिसला तेव्हा आत पू झालेला. अडीच महिने ड्रेसिंग चाललं. त्या मुलाची चूक होतीच, पण पायाची संवेदना गेलीय हे आम्हालाही ठाऊक नव्हतं, ते मला आजही सलतं.

म्हणून निघायच्या दोन-तीन आठवडे आधी कराडमध्येच शुगरच्या डॉक्टरांकडून पाय तपासून घ्या. नायलॉनचा एक बारीक धागा तळव्याला टेकवून 10 ग्रॅम दाबाची तपासणी करतात, पाच मिनिटांत होते. तो स्पर्श कळला नाही तर जखम झालेलीही कळणार नाही, असं धरून चालायचं. कुरूप त्यांच्याकडूनच काढून घ्या. मेडिकलमध्ये मिळणारी कुरुपाची पट्टी लावू नका, तिच्यातल्या आम्लानं शेजारची चांगली कातडी जळते. टाचांना रात्री कोकमतेल लावा. कोकणात त्याचा घट्ट गोळा मिळतो, थोडा वितळवून कोमट झाला की भेगांत भरायचा. पण खोल, ओली किंवा रक्त येणारी भेग असेल तर तेल नको, डॉक्टरच. बोटांच्या बेचक्यात तर कधीच तेल नको, तिथं ओल राहिली की बुरशी धरते.

किनाऱ्यावर एमसीआरच्या (मऊ रबरी तळाच्या), मागं पट्टा असलेल्या चपला पायातच राहू द्या, पाण्याच्या कडेलासुद्धा. डिसेंबरातही दुपारची वाळू तापते, आणि बधिर पायाला चटका कळत नाही. चपला घालण्याआधी उलट्या करून झटका, शिंपल्याचा एक तुकडा पुरेसा असतो. खोलीवर आलात की साध्या पाण्यानं पाय धुवा, बेचक्या कोरड्या करा आणि तळवे तुम्ही स्वतः बघा. गरम पाण्यात पाय सोडायचा मोह आईंना होईल. तो आवरा. पायाला उघडी जखम असेल तर समुद्रात पाऊल नकोच. खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जिवाणू असतात, शुगरवाल्यांना ते फार लवकर धरतात. हेच जिवाणू कच्च्या कालवांतून पोटातही जातात, म्हणून कालवं, तिसऱ्या (शिंपल्या) पूर्ण शिजवूनच. शिजल्यावर ज्या तिसरीचं तोंड उघडलं नाही ती टाकून द्या.

आता मासे. गुहागर गावात घरगुती खाणावळी बऱ्याच शाकाहारी आहेत, मोदक उत्तम मिळतील, मासा विचारून घ्यावा लागतो. मी राहतो तिथल्या काकूंना आदल्या संध्याकाळी सांगून ठेवतो, त्या सकाळी दारावर येणाऱ्या मासेवालीकडून घेतात. स्वतः घ्यायचा असेल तर वेलदूरला जा. तिथं वाशिष्ठीची खाडी समुद्राला मिळते. आपल्या कोयनेचं पाणी वीज करून पोफळीला उतरतं आणि वाशिष्ठीतून इथंच समुद्राला मिळतं, ते बघून मला दरवेळी घरचं कुणी भेटल्यासारखं वाटतं. होड्या कधी येणार हे आदल्या दिवशी विचारा, ती वेळ भरती-ओहोटीवर बदलते. आणखी मोठा लिलाव बघायचा तर धोपाव्याहून फेरीबोटीनं दाभोळ आणि पुढं दापोलीमार्गे हर्णै. संध्याकाळी तिथं बंदरावर माशांचे ढीग लागतात. पण आईंना त्या गर्दीत उतरवू नका. खाली काटे पडलेले असतात, चिखल असतो. त्यांना गाडीत बसवा आणि माशांचा वाटा तुम्ही आणा.

ताज्या माशाचा डोळा फुगीर आणि चकचकीत, कल्ले लालभडक, बोटानं दाबलं तर खळगा लगेच भरून यावा. बांगडा पोटाशी मऊ लागला तर सोडून द्या. कोळंबीचं डोकं काळं पडलं असेल किंवा सहज सुटत असेल तर ती शिळी. डिसेंबरात अडचण नाही, पण पुढं कधी पावसाळ्यात बेत केलात तर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, त्या दिवसांत ‘ताजा पापलेट’ म्हणणाऱ्याला विचारा की तो कुठून आला.

पायाला काही लागलंच तर सहल तिथंच थांबवा. सावर्ड्याजवळ डेरवणचं वालावलकर रुग्णालय मोठं आहे, घाट चढून कराडला येईपर्यंत थांबू नका.

आईंना काटे काढून खाणं जमतं का ते कळवा. जमत असेल तर बांगडा तिरफळ घालून करायला सांगा, नसेल तर सुरमईच्या तुकड्या.