सामन्याचं तिकीट हाती आलं, व्हिसाचं काय?

परदेशातले सामने पाहायला किंवा तिथल्या स्पर्धेत उतरायला निघालेल्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : विश्वचषकाचं अधिकृत तिकीट काढलं आहे. ते जोडलं की व्हिसाला अडचण येऊ नये ना?

येऊ शकते. तुम्ही का जाताय ते तिकिटावरून कळतं, परत का याल ते कळत नाही. आणि अधिकाऱ्याला पडलेला प्रश्न हा दुसराच असतो. अमेरिकेच्या कायद्यातलं 214 (बी) हे कलम तर अर्जदार कायमचा राहायलाच येतोय असं गृहीत धरून चालतं. तसं नाही हे पटवून देणं अर्जदाराचं काम. त्यामुळे रजा मंजूर झाल्याचं पत्र (तारखांसकट), नोकरीचा किंवा धंद्याचा पुरावा, घरच्या जबाबदाऱ्या आणि बँकेचं स्टेटमेंट या कागदांना तिकिटापेक्षा जास्त वजन असतं. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात एकदम मोठी रक्कम भरण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ती नोंद स्टेटमेंटमध्ये लगेच नजरेत भरते. पैसे खरोखर तुमचे असतील, तर ते कुठून आले याचा कागद सोबत लावा.

हा गैरसमज मात्र अगदीच निराधार नाही. रशियात 2018 साली सामन्याचं तिकीट आणि ‘फॅन आयडी’ असला की व्हिसा लागत नव्हता. कतारमध्ये 2022 साली ‘हय्या कार्ड’ तेच काम करत होतं. त्या यजमान देशांनी तेवढ्या स्पर्धेपुरत्या केलेल्या या सोयी होत्या. 2026च्या स्पर्धेसाठी अमेरिकेने थेट फिफाकडून तिकीट घेणाऱ्यांना मुलाखतीची तारीख लवकर मिळण्याची सोय केली. छाननी मात्र इतरांसारखीच. ऑलिम्पिकमधलं ओळखपत्र पासपोर्टसोबत प्रवेशाचा परवाना ठरतं, स्पर्धेच्या एक महिना आधीपासून एक महिना नंतरपर्यंत. पण ते खेळाडू, प्रशिक्षक, पदाधिकाऱ्यांसाठी असतं, प्रेक्षकांसाठी नाही.

एक बारीक गोष्ट : हल्ली तिकीट ॲपमध्येच असतं आणि त्यावरचा क्यूआर कोड सामन्याच्या तोंडावरच दिसू लागतो. म्हणून अर्जाला खरेदीच्या पुष्टीचा ईमेल छापून जोडा. तिकिटं मित्राच्या खात्यावरून घेतली असतील, तर त्याचं दोन ओळींचं पत्र आणि पाहुणे म्हणून तुमचं नाव दिसणारं पान लावा.

प्रश्न : आधी काय करायचं? विमान, हॉटेल, व्हिसा की सामन्याचं तिकीट?

आधी पासपोर्ट उघडून बघा. शेंगेन देशांसाठी (म्हणजे एकाच सामाईक व्हिसावर जाता येतं त्या युरोपीय देशांसाठी) तो गेल्या दहा वर्षांत दिलेला हवा, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. पुष्कळ देश सहा महिन्यांची वैधता मागतात, त्यामुळे सहा धरूनच चाला.

मग सामन्याचं तिकीट, त्यानंतर अपॉइंटमेंट. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी 15 दिवस आधी करता येतो. निर्णयाची मुदत एरवी 15 दिवसांची असली, तरी ती 45 दिवसांपर्यंत लांबू शकते. खरी अडचण त्याच्याही आधीची : मोठ्या स्पर्धेच्या आधी अपॉइंटमेंटच मिळत नाहीत. अमेरिकेच्या मुलाखतीसाठी तर काही शहरांत कित्येक महिने थांबावं लागतं. गटांची सोडत निघायची वाट बघत बसू नका.

विमानाचं आरक्षण दाखवा, पण व्हिसा हाती येईपर्यंत परतावा न मिळणारं तिकीट काढू नका. हॉटेल मोफत रद्द करता येणारं घ्या. मात्र अर्ज दिल्यावर लगेच ते रद्द करण्याची हुशारी अंगाशी येते, कारण दूतावासातून हॉटेलला फोन जाऊ शकतो.

शेंगेनसाठी प्रवासाचा विमाही लागतो : किमान 30,000 युरोचा आणि सर्व शेंगेन देशांत चालणारा. फोटोची गफलत फार होते. शेंगेनला 35 बाय 45 मिलिमीटर लागतो, अमेरिकेला 5 बाय 5 सेंटिमीटर आणि चष्म्याशिवाय. एकाच फोटोवर दोन्ही अर्ज उरकत नाहीत.

प्रश्न : एकाच स्पर्धेचे सामने दोन-तीन देशांत असतील तर एक व्हिसा पुरतो का?

सर्वांत जास्त पैसे इथेच बुडतात, त्यामुळे जरा सविस्तर. यजमानपद वाटून घेतलं म्हणून व्हिसा वाटून घेतला जात नाही. कॅरेबियन देशांनी 2007च्या क्रिकेट विश्वचषकासाठी दहा देशांत चालणारा एक खास व्हिसा काढला होता, पण तसं क्वचितच घडतं.

2030चा फुटबॉल विश्वचषक घ्या. मुख्य यजमान स्पेन, पोर्तुगाल आणि मोरोक्को. पहिले दोन शेंगेनमध्ये, मोरोक्को बाहेर. माद्रिदचा सामना पाहून मोरोक्कोत गेलात आणि पुढच्या फेरीसाठी लिस्बनला आलात, तर शेंगेनमधला तो तुमचा दुसरा प्रवेश. तुमच्या पासपोर्टला शेंगेनचा व्हिसा लागत असेल, तर स्टिकरवर प्रवेशांच्या संख्येपुढे ‘01’ असल्यास विमानतळावरूनच परत जावं लागेल. तिथे ‘02’ किंवा ‘एमयूएलटी’ (म्हणजे अनेक प्रवेश) हवं. ते हवं असेल तर अर्जात तशी खूण करा आणि दोन्ही बाजूंची तिकिटं जोडा.

त्याच स्टिकरवर आणखी दोन नोंदी असतात, त्या सारख्याच समजू नका. ‘पासून-पर्यंत’ ही व्हिसाची वैधता. ‘मुक्कामाचे दिवस’ हा वेगळा आकडा आणि बहुधा तो लहान असतो. वैधता महिन्याची आणि दिवस 12, तर तेराव्या दिवशी तुम्ही बेकायदा. येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस मोजले जातात. रात्रीचा सामना जादा वेळेत गेला आणि विमान मध्यरात्रीनंतर उडालं की एक दिवस वाढलाच. अर्ज करतानाच दोन-तीन दिवस जास्त मागून ठेवा.

शेंगेनमधल्याच दोन देशांत जाणार असाल, तर जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. दिवस सारखे असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. अंतिम सामना कुठे आहे याचा इथे संबंध नाही.

उत्तर अमेरिकेत वैध अमेरिकी व्हिसावर पर्यटक म्हणून मेक्सिकोत जाता येतं, कॅनडात मात्र येत नाही. कॅनडाचा एका प्रवेशाचा व्हिसा असताना तिथून फक्त अमेरिकेत जाऊन आलात आणि कॅनडातल्या मुक्कामाची मुदत शिल्लक असेल, तर नवा व्हिसा लागत नाही. ही सवलत मेक्सिकोहून परतणाऱ्याला नाही.

प्रश्न : नुसतं विमान बदलायचं असेल तरी व्हिसा लागतो?

अमेरिकेत लागतो. तिथे विमानतळाबाहेर पडायचं नसलं तरी इमिग्रेशन पार करावंच लागतं. शेंगेनमध्ये काही पासपोर्टांना विमानतळापुरता ट्रान्झिट व्हिसा लागतो. स्वस्त तिकीट दिसलं की आधी ते कुठून जातंय ते बघा.

प्रश्न : परदेशातल्या मॅरेथॉनमध्ये धावायचं आहे. पर्यटक व्हिसा चालेल की खेळाडूंचा वेगळा?

हौशी धावपटूला बहुतेक ठिकाणी पर्यटक व्हिसा चालतो. अमेरिकेत तो बी-2. फक्त बक्षिसाच्या रकमेसाठी उतरणारा व्यावसायिक बी-1 वर जातो. हजर राहण्याचं मानधन किंवा करार आला की पी-1 सारखा वर्ग लागतो आणि त्यासाठी तिथल्या आयोजकाला किंवा एजंटला आधी अर्ज करावा लागतो. मुलाखतीत ‘फिरायला’ असं मोघम सांगू नका. शर्यतीचं नाव, तारीख आणि नोंदणीची पुष्टी दाखवा. बिब (छातीवर लावायचा क्रमांक) बहुतेक मोठ्या शर्यतींत स्वतः ओळखपत्र दाखवून आदल्या दिवसापर्यंतच मिळतो, तेव्हा शर्यतीच्या दिवशी पहाटे उतरण्याचा बेत आखू नका.

प्रश्न : व्हिसा नाकारला. सामन्याच्या तिकिटाचे पैसे परत मिळतील?

बहुधा नाही, आणि बहुतेक प्रवास विम्यांतही हे कारण बसत नाही. शेंगेनचा नकार लेखी, ठरावीक कारणांवर खूण करून येतो. त्यावर अपील करता येतं. अमेरिकेच्या 214 (बी) वर अपील नाही, पुन्हा शुल्क भरून नवा अर्ज करायचा. परिस्थितीत काही बदललं नसेल तर घाई करू नका. पुढच्या कोणत्याही अर्जात ‘पूर्वी व्हिसा नाकारला आहे का’ असं विचारलं तर ‘हो’ लिहा. ते लपवलेलं उघडकीला आलं तर नकारापेक्षा महागात पडतं.

तिकीट अधिकृत पुनर्विक्रीला लावा. ते दालन सामन्याच्या काही वेळ आधी बंद होतं, तेव्हा ती तारीख अपॉइंटमेंट घेतानाच लिहून ठेवा.