विचारा ताईंना : आजींचा अंगठा उमटत नाही

प्रश्न : शेजारच्या 74 वर्षांच्या आजी एकट्याच राहतात. मुलगा पुण्याला, त्याचा फोनही क्वचितच. ‘श्रावणबाळ’ या वृद्धांच्या सरकारी योजनेचे पैसे येणं बंद झालंय. बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रात अंगठा उमटत नाही म्हणून परत पाठवतात. नात्यातली नसताना मी काय करू शकते?
— एक वाचक भगिनी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, नातं राहू द्या, तुम्ही शेजारी आहात. उपकेंद्रात आरोग्यसेविका असताना अशा बायांची बोटं मी हातात धरून पाहिली आहेत. कापूस वेचताना बोंडाची वाळकी टोकं बोटांत शिरतात, वर राखेनं भांडी घासणं. रेषा उरतातच कुठे? मशीनसमोर आजींना ओशाळं वाटत असेल, तर त्यांचा काही दोष नाही हे आधी त्यांना सांगा.

माझा अंदाज, पैसे भलत्याच खात्यात पडत असावेत. दोन खाती असली की आधार सीडिंग, म्हणजे खात्याला आधार जोडणं, शेवटी ज्या खात्याला झालं, तिकडे महिन्याचे 1500 रुपये जातात. जनधनचं जुनं पासबुक पेटीत असेल, तेही घ्या आणि दोन्ही पासबुकांत नोंदी भरून आणा. कुठेच जमा नसतील तर तहसीलच्या संजय गांधी शाखेत जा, ‘श्रावणबाळ’चं काम तीच बघते. हयातीचा दाखला राहिलाय का, तेही तिथेच कळेल. आधार केंद्रात बोटांचे ठसे आणि डोळ्यांचं स्कॅन नव्यानं करून घ्या. पोस्टमन घरी येऊनही आधारवर पैसे काढून देतो, पोस्टात विचारा.

सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान कार्ड मिळतं, 5 लाखांपर्यंतच्या उपचारांचं. ते आशाताईंना सांगून आत्ताच काढा, आजारपणात धावपळ नको.

मुलाबद्दल : ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यानं आजी उपविभागीय अधिकाऱ्यांकडे पोटगी मागू शकतात. 14567 या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर फुकट सल्ला मिळतो. पण त्यांना विचारल्याशिवाय अर्जाचं नावही काढू नका. पोराविरुद्ध कागद करायचा की नाही, हे त्या माउलीनंच ठरवायचं.

वेचणीच्या दिवसांत तुम्ही भल्या सकाळी वावरात जाल. तेव्हा आजींचं दार उघडलं का, हे कोण बघणार ते गल्लीत आधीच ठरवा. आणि पैशाचा पत्ता लागला नाही तर दोन्ही पासबुकांतल्या नोंदी मला लिहून पाठवा, तहसीलदारांना द्यायचा अर्ज आपण मिळून लिहू.