घरची भाषा ‘इंग्रजी’ लिहिली गेली. आता रीजेंट्सला जादा वेळ मिळेल का?

प्रश्न थोडक्यात असा: “दादाची मुलगी साताऱ्याच्या सेमी-इंग्रजी शाळेतून या सप्टेंबरात न्यूयॉर्क राज्यात नववीला गेली. प्रवेशाच्या फॉर्मवर दादाने घरची भाषा इंग्रजी लिहिली. जूनमध्ये तिची अल्जेब्राची रीजेंट्स, म्हणजे राज्याची हायस्कूलची परीक्षा आहे. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना मिळणारी सवलत तिला आता मिळेल का? आणि ती घेतली तर पुढे कॉलेजला कळतं का?”

ताई, शेवटचं आधी सांगते. कळत नाही. जादा वेळ घेऊन मिळवलेले गुण आणि नेहमीच्या वेळेत मिळवलेले गुण रेकॉर्डवर सारखेच दिसतात. एसएटी आणि एसीटी या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षांचंही तेच. त्या गुणांवर कसली खूण नसते आणि ते कॉलेजला रीतसर पाठवता येतात. ही भीती मनातून काढून टाका.

आता मूळ दुखणं, तो फॉर्म. ‘होम लँग्वेज क्वेश्चनेअर’ मुलीची परीक्षा घेत नाही. तिला शाळेने तपासावं की नाही, एवढंच तो ठरवतो. घरात मराठी बोलतात असं लिहिलं की शाळेचा माणूस मुलीशी बोलतो, जुन्या शाळेतलं काम पाहतो आणि गरज वाटली तर नायसिटेल नावाची चाचणी घेतो. हे सगळं शाळेच्या १० दिवसांत उरकावं लागतं. चाचणीत पाच पातळ्या असतात. सर्वांत वरची ‘कमांडिंग’ मिळाली तर मुलगी इंग्रजी शिकणारी धरली जात नाही, त्याखालच्या कुठल्याही पातळीवर धरली जाते. दादाने ‘इंग्रजी’ लिहिल्यावर ही साखळी सुरूच झाली नाही. रीजेंट्सच्या वेळचा सगळा आधार या नोंदीवर टेकलेला असतो. नोंद नाही तर काही नाही.

दुरुस्तीची वाट आहे, पण मुदतीची. प्रवेश झाल्यापासून शाळेच्या ४५ दिवसांत आईवडील लेखी मागणी करू शकतात की आमच्या मुलीची भाषेची नोंद पुन्हा तपासा. सप्टेंबरच्या सुरुवातीला शाळा सुरू झाली असेल तर हे साधारण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत येतं, कारण सुट्ट्या मोजत नाहीत. अर्ज चार ओळींचा पुरे: मुलीचं नाव, प्रवेशाची तारीख, ‘घरात मराठी बोलली जाते, आधीचं शिक्षण मराठी आणि सेमी-इंग्रजी माध्यमातून झालं, फॉर्म चुकीचा भरला गेला, फेरतपासणी करावी’, खाली सही. मुख्याध्यापकांच्या नावे ईमेल करा आणि प्रत इंग्रजी शिकवणाऱ्या, म्हणजे ईएनएलच्या शिक्षकांना पाठवा. फोनवर सांगितलेलं धरलं जात नाही. मुदत उलटली असली तरी अर्ज द्याच. इंग्रजी न समजणाऱ्या मुलाला तसंच बसवून ठेवणं हा भेदभाव आहे हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ सालीच लाउ विरुद्ध निकल्स खटल्यात सांगितलं आहे, तेही १९६४च्या नागरी हक्क कायद्याच्या आधारावर. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांचा तो खटला होता. त्यामुळे ‘सवलत’ हा शब्दच मला खटकतो. सवलत म्हटलं की आपल्याला ग्रेस मार्क आठवतात. इथे एकही गुण वाढवून मिळत नाही. अल्जेब्राच्या परीक्षेत अल्जेब्रा मोजायचा आहे, इंग्रजी नाही, एवढंच त्यामागे आहे.

‘इंग्रजीच लिहा, नाहीतर पोराला वेगळ्या वर्गात टाकतील’ हा सल्ला आपल्याच लोकांत फिरतो आणि तो देणाऱ्यांशी माझं कधी पटलेलं नाही. शिकलेली माणसं हे सांगतात म्हणून जास्त वाईट वाटतं. मुलगा कायमचा वेगळा पडत नाही. दर वसंतात नायसेस्लाट ही चाचणी होते. त्यात ‘कमांडिंग’ मिळालं की तो नोंदीतून बाहेर पडतो. नववी आणि त्यापुढच्या मुलांना ‘एक्स्पांडिंग’ ही पातळी आणि त्याच वर्षी इंग्रजीच्या रीजेंट्समध्ये ६५ गुण एवढंही पुरतं. बाहेर पडल्यावरही दोन वर्षं परीक्षेतला आधार चालू ठेवता येतो. म्हणजे ‘मराठी’ लिहिल्याने दार बंद होत नाही, ‘इंग्रजी’ लिहिल्याने होतं.

आता मिळतं काय ते. रीजेंट्सचा नेहमीचा वेळ तीन तास. मुख्याध्यापक तो वाजवी प्रमाणात वाढवू शकतात, आणि बहुतेक ठिकाणी दीडपट म्हणजे साडेचार तास देतात. वेगळी खोली मिळते. छापील शब्दसूची मिळते. यातलं एकटं काही घेऊ नका. वेळ वाढवला आणि सूची नाही, तर मुलगी तेच न कळलेलं वाक्य दहा वेळा वाचते. सूची दिली आणि वेळ नाही, तर पानं उलटण्यात परीक्षा जाते. दुपारच्या सत्राची परीक्षा असेल तर साडेचार तासांनंतर शाळेची बस निघून गेलेली असते. न्यायला कोण येणार हे आधी ठरवा आणि त्याच दिवशी सकाळी दुसरा पेपर असेल तर खाण्याची सोय करा. साडेचार तास बसायची सवयही लागते. घरी निदान दोन जुने पेपर पूर्ण वेळ लावून सोडवून घ्या.

शब्दसूचीचा नियम कडक आहे. शब्दाला शब्द, बस. व्याख्या, वाक्यात उपयोग, स्पष्टीकरण असलेला कोश चालत नाही, आणि मोबाइल किंवा इलेक्ट्रॉनिक कोश तर नाहीच. आपल्या घरातले बरेचसे इंग्रजी-मराठी कोश इथेच बाद होतात, कारण ते शब्दाचा अर्थ समजावून सांगतात. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश शब्दाला शब्द अशा धाटणीचे आहेत, पण त्यातले काही शब्द मुलीने शाळेत कधी ऐकलेले नसतात. माझ्या मते सर्वांत चांगला रस्ता बालभारतीचा. आठवी, नववी, दहावीची गणिताची पुस्तकं मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांत आहेत आणि ती बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. धडे तेच, उदाहरणं तीच. दोन्ही शेजारी उघडून ठेवा आणि मुलीलाच दोन रकाने करू द्या: व्हेरिएबल म्हणजे चल, कोएफिशंट म्हणजे सहगुणक, पॉलिनोमिअल म्हणजे बहुपदी, स्लोप म्हणजे चढ, मीडियन म्हणजे मध्यक, मोड म्हणजे बहुलक. दीडशे-दोनशे शब्द पुरतात. ही सूची डिसेंबरपासून रोज वर्गात वापरू द्या आणि परीक्षेच्या बऱ्याच आधी शाळेला दाखवून मंजूर करून घ्या. परीक्षेच्या दिवशी नवी कोरी सूची हातात देणं म्हणजे न दिल्यासारखंच.

सेमीच्या मुलीचा अडथळा वेगळा असतो, तोही इथे सांगायला हवा. तिला गणिताचे इंग्रजी शब्द बऱ्यापैकी येतात, पण ते भारतातले. आपण ट्रॅपिझियम म्हणतो, तिथे ट्रॅपेझॉइड. आपला मसावि म्हणजे एचसीएफ, तिथे तोच जीसीएफ. घातांकाला आपल्या पुस्तकात इंडायसेस, तिथे एक्स्पोनंट्स. रेषेच्या समीकरणात शेवटी आपण सी लिहितो, ते बी लिहितात. हे चार-पाच शब्द एका संध्याकाळी सांगून होतात, पण सांगितले नाहीत तर हुशार मुलगी सोपा प्रश्न सोडून देते. तिचे खरे हाल होतात ते छोट्या, रोजच्या शब्दांत: ‘ॲट लीस्ट’, ‘नो मोअर दॅन’, ‘पर’, ‘इच’, ‘अनलेस’. असमानतेचं चिन्ह उलटं पडतं ते इथे. ‘ॲट मोस्ट’मधला ‘मोस्ट’ पाहून मुलं मोठं-आहे चिन्ह घालतात. सूचीत हे शब्द पहिल्या पानावर घ्या: ॲट लीस्ट म्हणजे कमीत कमी, ॲट मोस्ट म्हणजे जास्तीत जास्त.

आणि ‘कर्ण’. आपल्याकडे काटकोन त्रिकोणाची सर्वांत मोठी बाजूही कर्ण आणि चौकोनाचे समोरासमोरचे कोपरे जोडणारी रेषाही कर्ण. इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत, हायपोटेन्यूज आणि डायगोनल. सूचीत दोन्हींपुढे नुसतं ‘कर्ण’ लिहिलं तर मुलगी गोंधळते, म्हणून ‘त्रिकोणाचा कर्ण’ आणि ‘चौकोनाचा कर्ण’ असं लिहा. तेवढं भाषांतरातच बसतं, स्पष्टीकरण ठरत नाही.

आता जे फार कमी मराठी घरांना माहीत असतं. रीजेंट्सचे पेपर स्पॅनिश, चिनी अशा काही भाषांत छापील मिळतात. मराठी त्यात नाही. पण ज्या भाषेत छापील प्रत नाही त्या भाषेच्या मुलाला तोंडी भाषांतर देता येतं, इंग्रजी विषयाचा पेपर सोडून. मी हे काम करते म्हणून बारकाईने लिहिते. भाषांतर करणाऱ्याला इंग्रजी पेपर एक तास आधी वाचायला मिळतो. मग वेगळ्या खोलीत, मुलीपुढे इंग्रजी प्रत उघडी असताना, वाक्यागणिक मराठीत सांगायचं. लिहून काही द्यायचं नाही. समजावायचं नाही, सुचवायचं नाही, आवाजात जोरही द्यायचा नाही.

समजा प्रश्न असा आहे: तेरा फूट लांबीची शिडी भिंतीला टेकवली आहे, तिचं खालचं टोक भिंतीपासून पाच फुटांवर आहे, तर वरचं टोक जमिनीपासून किती उंचीवर? इंग्रजीत ‘फूट’ हा एकच शब्द मापालाही येतो आणि शिडीच्या खालच्या टोकालाही, आणि मुलीची गाडी तिथेच अडते. भाषांतर करणाऱ्याने ‘खालचं टोक’ म्हणणं बरोबर. ‘शिडी हा कर्ण आहे’ म्हणणं चूक, कारण तोच तर तिने ओळखायचा आहे. हा फरक ज्याला सांभाळता येत नाही त्याला बसवू नका. घरचं माणूस तर मुळीच नको, तुमची कितीही चांगली इच्छा असली तरी. गणिताची मराठी येणारा माणूस हवा. मराठी बोलणाऱ्याला ‘सहगुणक’ येतोच असं नाही. असा माणूस शाळेला सहज सापडत नाही, म्हणून जूनच्या परीक्षेसाठी मार्चमध्येच लेखी मागणी करा. मे महिन्यात विचारलं की ‘आता कोणी मिळत नाही’ हेच उत्तर येतं.

उत्तरं मराठीत लिहायचीही मुभा आहे, इंग्रजीचा पेपर सोडून. गणितात मी ती घेऊ नका म्हणेन. तपासणाऱ्याला आधी भाषांतर करून घ्यावं लागतं आणि सवयीने देवनागरी आकडे लिहिले गेले तर आपला ४ त्यांना आठ वाटतो, १ नऊ वाटतो. इतिहासाच्या पेपरात मात्र जरूर विचार करा. तिथे मुलीला म्हणायचं असतं बरंच, आणि इंग्रजीत ती दोन ओळींत आटपते.

इंग्रजीच्या रीजेंट्सला भाषांतर नाही, वेळ आणि सूची आहे. नववीत किंवा नंतर अमेरिकेत आलेल्या मुलांना त्या पेपरात ६५ ऐवजी ५५ ते ५९ गुण पडले तरी अपील करून हायस्कूल पूर्ण केल्याचा ‘लोकल डिप्लोमा’ मिळू शकतो. पण त्यालाही तीच नोंद लागते.

एसएटीचं थोडक्यात. शाळेत होणाऱ्या एसएटीला इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना दीडपट वेळ मिळतो, म्हणजे २ तास १४ मिनिटांचे ३ तास २१ मिनिटं, आणि मंजूर यादीतलाच द्विभाषिक कोश चालतो. शाळेच्या एसएसडी समन्वयकाने, म्हणजे परीक्षेतल्या अशा सोयी पाहणाऱ्या माणसाने, ते आधी नोंदवावं लागतं. एसीटीचंही तसंच आहे, तिथेही अर्ज शाळेकडूनच जातो.

दोन गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या. हे सगळं न्यूयॉर्कचं आहे. न्यू जर्सीत वेगळ्या परीक्षा, वेगळे नियम, भाषेची चाचणीही ‘ॲक्सेस’ नावाची दुसरी. तिथल्या एडिसन गावातल्या ओळखीच्या माणसाने सांगितलेलं तुमच्या भाचीला लावू नका. आणि मराठी सूचीचा उपयोग मराठीत गणित शिकलेल्या मुलालाच होतो. २००९ मध्ये किफर, लेसो आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी आधीचे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा अशा आधारांपैकी साध्या इंग्रजीत अर्थ देणाऱ्या कोशाचाच स्पष्ट परिणाम दिसला, तोही छोटा. तिकडेच जन्मलेल्या, घरी मराठी बोलणाऱ्या पण वाचू न शकणाऱ्या मुलाला मराठी सूची देऊन काही साधत नाही. तुमची भाची साताऱ्याहून आठवी करून आली आहे. तिला ती लागू पडेल.

दादाला आजच सांगा, अर्जावर तारीख घालायला विसरू नका म्हणावं. अर्ज ४५ दिवसांच्या आत दिला की नाही हे त्या तारखेवरूनच दिसतं.