सध्याचा पगार विचारला तर?

प्रश्न : चार वर्षं एकाच कंपनीत आहे, पगार बाजारभावापेक्षा बराच कमी. नव्या कंपनीचा एचआर सध्याचा पगार आणि सॅलरी स्लिप मागतोय. आकडा थोडा वाढवून सांगू का?

वाढवून अजिबात सांगू नका. पुढे स्लिप तपासल्या जातात आणि तफावत सापडली तर रुजू झाल्यावरही नोकरी जाऊ शकते. पण खोटं बोलायचं नाही म्हणून विचारल्याबरोबर आकडा द्यायलाच हवा, असंही नाही.

हिशेब करून बघा. तुमचा वर्षाचा पगार १०० धरू आणि त्या पदाचा बाजारभाव १५०. एचआर ३० टक्के वाढ देतो. १३० म्हणजे घसघशीत वाटतात, पण २० कमीच. पुढे दोन्हीकडे दरवर्षी ८ टक्के वाढ धरली, तर पाच वर्षांत हा फरक साठून सुमारे ११७ होतो. आजच्या अख्ख्या वर्षाच्या पगाराहून जास्त.

तेव्हा विचारलं की म्हणा, ‘या कामासाठी माझी अपेक्षा १५० ते १६५ आहे. तुमच्या बजेटमध्ये बसतं का?’ आणि गप्प बसा. (हेच सगळ्यात अवघड!) खालचा आकडा मिळाला तरी चालेल असाच ठेवा, बहुतेकदा तोच पदरात पडतो.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१८ पासून उमेदवाराला जुना पगार विचारायलाच बंदी आहे. युरोपियन युनियनच्या २०२३च्या वेतन पारदर्शकता निर्देशातही तशी मनाई आहे. तुमच्याकडे असा कायदा नसेल आणि एचआर हटून बसला, तर आकडा खरा द्या, पण पूर्ण द्या : मूळ पगार, भत्ते, बोनस, कंपनी भरते तो विमा. अनेक जण हातात येणारा पगार सांगून मोकळे होतात. समोरचा त्याची तुलना स्वतःच्या एकूण खर्चाशी करतो आणि तुम्ही आणखी स्वस्त दिसता. स्लिप शक्यतो लेखी ऑफरनंतरच पाठवा.

वार्षिक बोनस दोन-तीन महिन्यांवर असेल आणि राजीनाम्याने बुडणार असेल, तर तेवढा जॉइनिंग बोनस मागा. मात्र त्यातलं परतफेडीचं कलम वाचा. वर्षाच्या आत सोडलं तर रक्कम परत, हे नेहमीचं. ती कर कापून हाती आलेली की कर कापण्यापूर्वीची, एवढं सही करण्याआधी लेखी विचारून घ्या.